तुलनेची किंमत : वीज पुरवठादारांची तुलना करणारी शासकीय संकेतस्थळे आणि सार्वजनिक खर्च

प्रास्ताविक

मेलबर्नमधील एखाद्या कुटुंबाने वीज पुरवठादार बदलला तरी घरात येणारी तार, तारेतून येणारा प्रवाह आणि भिंतीवरील मीटर यांत काहीही फरक पडत नाही. बदलते ते फक्त देयक आणि देयकावरील नाव. वस्तू सर्वार्थाने एकच असताना तिच्या विक्रीच्या योजना मात्र असंख्य असतात, आणि त्यांतून निवड करता यावी म्हणून शासनाला सार्वजनिक पैशातून संकेतस्थळ उभारावे लागते. ऑस्ट्रेलियात अशी दोन शासकीय संकेतस्थळे आहेत. 'एनर्जी मेड ईझी' हे संघराज्य पातळीवरील वीज नियामक चालवतो, तर 'व्हिक्टोरियन एनर्जी कंपेअर' हे व्हिक्टोरिया राज्य शासनाचे आहे. या संकेतस्थळांच्या सुधारणेसाठी वेळोवेळी तरतूद होते आणि प्रत्येक वेळी ठरावीक वाद झडतो. एक पक्ष म्हणतो की एवढ्याशा कामाला एवढा पैसा कशाला. दुसरा म्हणतो की माहिती ही सार्वजनिक सेवा असून तिच्यावरील खर्च हा खर्चच नव्हे.

हे दोन्ही पक्ष संकेतस्थळाच्या बांधणीचा आकडा समोर ठेवून बोलतात आणि म्हणूनच मुद्द्याला बगल देतात. तुलनेच्या व्यवस्थेचा खरा सार्वजनिक खर्च संगणक-प्रणालीच्या कंत्राटात फारसा सापडत नाही. तो नागरिकाला संकेतस्थळापर्यंत आणण्यात आहे, तुलनेसाठी लागणारी आकडेवारी निर्माण करण्यात आहे, आणि जे कधीच तुलना करीत नाहीत त्यांना सांभाळण्यात आहे. विक्रेत्याला किचकटपणा निर्माण करण्यास फारसे काही पडत नाही. तो उलगडण्याचा खर्च मात्र सार्वजनिक खात्यावर पडतो. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने व्हिक्टोरिया राज्याच्या अनुभवाच्या आधारे या मांडणीचा परामर्श घेतला आहे.

पार्श्वभूमी

व्हिक्टोरियात १९२१ पासून स्टेट इलेक्ट्रिसिटी कमिशन ही शासकीय संस्था वीज निर्माण करीत व पुरवीत असे. १९९० च्या दशकात जेफ केनेट यांच्या शासनाने तिचे विभाजन करून खासगीकरण केले. जानेवारी २००२ पासून घरगुती ग्राहकाला पुरवठादार निवडण्याची मुभा मिळाली आणि १ जानेवारी २००९ पासून किरकोळ दरांवरील शासकीय नियंत्रण उठले. दक्षिण ऑस्ट्रेलियाने २०१३ मध्ये, न्यू साउथ वेल्सने २०१४ मध्ये आणि क्वीन्सलँडच्या आग्नेय भागाने २०१६ मध्ये हाच मार्ग धरला. 'एनर्जी मेड ईझी' २०१२ साली, राष्ट्रीय किरकोळ वीज कायद्याबरोबर सुरू झाले. तुलनेची सोय उपलब्ध करून देणे हे या कायद्याने नियामकाचे कर्तव्यच ठरविले आहे. व्हिक्टोरिया या राष्ट्रीय चौकटीत सामील झाले नाही. परिणामी एकाच देशात दोन संकेतस्थळे, दोन माहितीसाठे आणि दोन देखभाल-यंत्रणा निर्माण झाल्या. सुधारणेच्या खर्चाचा विचार करताना ही दुहेरी बांधणी सहसा कोणी हिशेबात घेत नाही.

दरपत्रकाचा पाठलाग

तुलना अवघड का होते, हे आधी पाहिले पाहिजे. वीज दराचे दोन मुख्य घटक असतात : रोजचा स्थिर आकार आणि प्रतियुनिट दर. एवढेच असते तर पाटी-पेन्सिलीवर तुलना झाली असती. परंतु त्यावर सवलतीचे थर चढतात. ऑस्ट्रेलियात अनेक वर्षे प्रत्येक पुरवठादार स्वतःच्या मूळ दरावर सवलत जाहीर करीत असे, आणि हा मूळ दर प्रत्येकाचा वेगळा होता. त्यामुळे तीस टक्के सवलतीची योजना दहा टक्के सवलतीच्या योजनेपेक्षा महाग असू शके. त्यातही पुष्कळ सवलती सशर्त होत्या. देयक वेळेत भरले तरच सवलत, अन्यथा पूर्ण दर. ज्या कुटुंबाची आर्थिक ओढाताण असते तेच देयक भरण्यास उशीर करते. म्हणजे सवलतीचा बोजा नेमका ओढाताणीत असलेल्यांवर पडत होता. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने २०१८ च्या आपल्या चौकशी अहवालात या प्रथेवर कठोर टीका केली. १ जुलै २०१९ पासून सवलत एका समान संदर्भ-दराशी ताडून सांगणे बंधनकारक झाले.

येथे संकेतस्थळाच्या सुधारणेचा एक विलक्षण पैलू समोर येतो. संकेतस्थळ हे केवळ बाजाराचे चित्र दाखवीत नाही. बाजार त्या चित्रात चांगला दिसेल अशा रीतीने स्वतःला बदलून घेतो. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेतील टेक्सस राज्याचे आहे. तेथे १९९९ च्या कायद्यानुसार १ जानेवारी २००२ पासून किरकोळ स्पर्धा सुरू झाली आणि राज्याच्या सेवा आयोगाने 'पॉवर टु चूज' हे तुलना-संकेतस्थळ उघडले. प्रत्येक योजनेचा सरासरी दर महिना ५००, १००० आणि २००० युनिट वापराला किती पडतो हे दाखविण्याची पद्धत तेथे आहे, आणि यादी प्रामुख्याने १००० युनिटांच्या दराने पाहिली जाई. विक्रेत्यांनी मग याच आकड्याभोवती योजना रचल्या.

समजा, एका योजनेत प्रतियुनिट दर १४ सेंट आहे आणि वापर १००० युनिटांना पोहोचला तर देयकात १०० डॉलरची सूट आहे. नेमक्या १००० युनिटांना देयक १४० मधून १०० वजा जाता ४० डॉलर, म्हणजे सरासरी ४ सेंट येते. संकेतस्थळावर ही योजना यादीच्या शिरोभागी झळकेल. त्याच घराने पुढच्या महिन्यात ९९० युनिट वापरले तर देयक १३८ डॉलर ६० सेंट होईल. दहा युनिट कमी वापरून सुमारे शंभर डॉलर अधिक! दोन हजार युनिटांना सरासरी पुन्हा ९ सेंटांवर जाते. यात कोणीही खोटे बोललेले नाही. संकेतस्थळाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याने अचूक दिले, फक्त ते उत्तर ग्राहकाच्या उपयोगाचे नव्हते. आकडे येथे सोयीसाठी घेतले आहेत. परंतु १००० युनिटांच्या उंबरठ्यावर सूट देण्याची ही पद्धत टेक्ससमध्ये सर्रास रूढ झाली.

अर्थशास्त्रात ही गोष्ट नवी नाही. जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ मध्ये माहितीच्या अर्थशास्त्रावरील प्रसिद्ध लेखात शोधाला किंमत असते हे दाखविले. तेव्हापासून एक सोपी समजूत रुजली की शोधाची किंमत कमी केली की भाव आपोआप जवळ येतात. ग्लेन एलिसन आणि सारा फिशर एलिसन यांनी २००९ मध्ये या समजुतीला महत्त्वाची पुरवणी जोडली. संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांची भाव-तुलना करणाऱ्या एका संकेतस्थळाचा अभ्यास करून त्यांनी दाखविले की शोध सोपा झाला की विक्रेते तो पुन्हा अवघड करण्यात श्रम गुंतवतात. तुलना-संकेतस्थळाची सुधारणा कधी पूर्ण का होत नाही, याचे उत्तर यातच आहे. प्रत्येक सुधारणा मागील युक्तीला उत्तर असते आणि पुढच्या युक्तीला आमंत्रण. छतावरील सौर वीज, दिवसाच्या वेळेनुसार बदलणारे दर, विद्युत वाहनांसाठी रात्रीचे दर हे घटक आल्यावर तर तुलनेचे गणित दर दोन-तीन वर्षांनी नव्याने मांडावे लागते. अशा सुधारणेला एकरकमी भांडवली खर्च म्हणणे हिशेबाच्या दृष्टीने चूक आहे. तो आवर्ती खर्च आहे, आणि त्याचा वेग शासन ठरवीत नाही, विक्रेते ठरवितात.

दारापर्यंत आणण्याची किंमत

संकेतस्थळ कितीही उत्तम असले तरी ते उघडले पाहिजे. व्हिक्टोरियाच्या शासनाने यावर जो उपाय केला तो या सर्व विषयाचा गाभा आहे. १ जुलै २०१८ पासून सुरू झालेल्या 'पॉवर सेव्हिंग बोनस' योजनेत, 'व्हिक्टोरियन एनर्जी कंपेअर'वर येऊन तुलना करणाऱ्या कुटुंबाला ५० डॉलर देण्यात आले. पुढे २०२१ मध्ये सवलत-पत्रधारक कुटुंबांसाठी ही रक्कम २५० डॉलर झाली. १ जुलै २०२२ पासून २५० डॉलरची योजना राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली आणि २४ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२३ या काळात तिची आणखी एक फेरी झाली. अट एवढीच होती की आपल्या देयकाचा तपशील भरून तुलना करावी. पुरवठादार बदलणे आवश्यक नव्हते.

म्हणजे काही मिनिटे तुलना करण्याबद्दल शासनाने नागरिकाला अडीचशे डॉलर दिले. दर दहा लाख कुटुंबांमागे हा खर्च २५ कोटी डॉलर होतो. संकेतस्थळाची कोणतीही तांत्रिक सुधारणा या आकड्याच्या आसपासही जात नाही. ज्यांना संगणक वापरता येत नाही किंवा इंग्रजी वाचता येत नाही त्यांच्यासाठी दूरध्वनी सेवा आणि सामाजिक संस्थांची मदत उभी करावी लागली, तो खर्च वेगळा.

या योजनेवर दोन प्रकारे टीका करता येते आणि त्या दोन्ही परस्परविरोधी आहेत. ती जर महागाईत दिलेली मदत असेल, तर तिला तुलनेची अट कशासाठी? ज्या वृद्धेला संकेतस्थळ उघडता येत नाही तिला मदतीची गरज अधिक, आणि अटीमुळे नेमकी तीच मागे राहण्याचा धोका अधिक. उलट ती जर तुलनेला दिलेले उत्तेजन असेल, तर आधीच उत्तम योजनेत असलेल्या आणि दरवर्षी पुरवठादार बदलणाऱ्या चोखंदळ कुटुंबालाही तेवढीच रक्कम का? योजनेने दोन्ही उद्दिष्टे एकाच अर्जात गुंडाळली. राजकीय दृष्टीने ते सोयीचे होते. मूल्यमापनाच्या दृष्टीने मात्र त्यामुळे दोन्ही हिशेब हातचे गेले. संकेतस्थळाला भेट देणाऱ्यांची संख्या वाढली हे यश मानावे, तर ती भेट विकत घेतलेली होती.

यात काळाचा योगही विचारात घ्यावा असा आहे. जून २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागात घाऊक विजेचे दर इतके भडकले की बाजार-चालक संस्थेने १५ जून रोजी राष्ट्रीय वीज बाजारच स्थगित केला. ही स्थगिती २४ जून रोजी उठली. काही लहान पुरवठादार तर आपल्याच ग्राहकांना दुसरीकडे जाण्याचा सल्ला देत होते. स्वस्त योजना यादीतून झपाट्याने नाहीशा झाल्या. अशा स्थितीत आठवड्याभरातच, १ जुलैला, शासनाने सर्व कुटुंबांना तुलना करण्यासाठी पैसे देण्यास आरंभ केला. तुलनेतून मिळण्यासारखे सर्वांत कमी होते, त्याच वेळी तुलनेवर खर्च झाला तो सर्वाधिक.

मीटरचा विसरलेला खर्च

ग्राहकाने आपला वापर अचूक सांगितला तरच तुलना खरी ठरते. व्हिक्टोरियाच्या संकेतस्थळाचे वैशिष्ट्य असे की स्मार्ट मीटरची अर्ध्या तासागणिक नोंद त्यावर चढविता येते. हे मीटर राज्यातील सर्व घरांत सक्तीने बसविण्यात आले आणि त्यांचा खर्च ग्राहकांच्या देयकांतून वसूल झाला. राज्याच्या महालेखापरीक्षकाने सप्टेंबर २०१५ च्या अहवालात नमूद केले की २०१५ अखेर ग्राहकांनी मीटर-सेवेपोटी सुमारे २२४ कोटी डॉलर भरलेले असतील, आणि लाभ-खर्चाचा ताळेबंद मांडता ही योजना ग्राहकांना ३१.९ कोटी डॉलरच्या निव्वळ तोट्यात जाण्याचा अंदाज आहे. अपेक्षित लाभांपैकी बराच भाग ग्राहकाच्या वर्तनावर, म्हणजे त्याने नोंदी पाहून योजना व वापर बदलण्यावर, अवलंबून होता. तो बदल घडवून आणण्याचे एक साधन म्हणजेच हे संकेतस्थळ. आधी मीटरसाठी पैसे, मग मीटरचा उपयोग व्हावा म्हणून संकेतस्थळासाठी पैसे, मग संकेतस्थळाचा उपयोग व्हावा म्हणून नागरिकालाच पैसे, अशी ही साखळी आहे. अंदाजपत्रकात हे तीन खर्च तीन वेगळ्या ठिकाणी असतात आणि त्यांची बेरीज कोणी मांडत नाही.

खासगी तुलनाकार : एक आवश्यक प्रतिवाद

एवढे वाचून असा समज होऊ शकेल की शासकीय संकेतस्थळे बंद करावीत, खासगी संकेतस्थळे हे काम विनामूल्य करतातच. हा युक्तिवाद टिकत नाही. खासगी तुलनाकार ग्राहकाकडून काही घेत नाही, परंतु पुरवठादाराकडून दलाली घेतो, आणि ती दलाली अखेर देयकातच मिसळते. शिवाय ज्याच्याशी करार नाही त्याची योजना तो दाखवीत नाही. ऑस्ट्रेलियातील 'आयसिलेक्ट' या कंपनीला स्पर्धा व ग्राहक आयोगाने न्यायालयात खेचले तेव्हा हे उघड झाले. आपण सहभागी पुरवठादारांच्या सर्व योजनांची तुलना करून सर्वांत योग्य ती सुचवितो असा समज कंपनीने नोव्हेंबर २०१६ ते डिसेंबर २०१८ या काळात करून दिला होता. वस्तुस्थिती तशी नव्हती. सुमारे ३८ टक्के ग्राहकांना सर्वांत स्पर्धात्मक योजना सुचविली गेली नव्हती. ऑक्टोबर २०२० मध्ये संघीय न्यायालयाने कंपनीला ८५ लाख डॉलर दंड केला.

शासकीय संकेतस्थळाचे मोल येथे दिसते. ते दलाली घेत नाही आणि सर्व पुरवठादारांना आपल्या योजना त्यावर नोंदविण्याची सक्ती आहे. हा माहितीसाठा आता इतरांच्याही उपयोगी पडतो. ग्राहक-माहिती हक्काची व्यवस्था नोव्हेंबर २०२२ पासून वीज क्षेत्राला लागू होऊ लागली, तिच्यासाठी योजनांचा तपशील याच दोन शासकीय साठ्यांतून पुरविला जातो. तेव्हा संकेतस्थळाचे दर्शनी पान सुधारण्यापेक्षा त्यामागील नोंदवही अचूक ठेवण्यावरील खर्च अधिक फलदायी आहे, असे मत मांडण्यास जागा आहे. दर्शनी पानाची चर्चा होते ती ते मंत्र्यांच्या पत्रकात दाखविता येते म्हणून. नोंदवही कोणाला दिसत नाही.

बचत कोणाची?

सुधारणेचे समर्थन करताना शासन सामान्यतः असे सांगते की तुलना करणाऱ्या कुटुंबाची वर्षाला अमुक शे डॉलर बचत होते. ही बचत त्या कुटुंबापुरती खरी आहे. सार्वजनिक लाभ म्हणून ती जशीच्या तशी जमेस धरता येत नाही. वीज तेवढीच निर्माण झाली, तारांचा खर्च तेवढाच राहिला. एका ग्राहकाची जी बचत झाली ती पुरवठादाराच्या नफ्यातून आली किंवा दुसऱ्या, न हललेल्या ग्राहकाच्या देयकातून आली. नवा ग्राहक आकर्षित करण्यासाठी स्वस्त योजना आणि जुन्या ग्राहकाकडून हळूहळू वाढीव दर, ही किरकोळ वीज बाजाराची मूळ घडण आहे. जुन्या योजनेत राहिलेले ग्राहक नव्यांपेक्षा अधिक दर देतात हे स्पर्धा व ग्राहक आयोगानेही आपल्या नंतरच्या अहवालांत पुनःपुन्हा दाखविले आहे. त्यात भर अशी की ग्राहक मिळविण्याचा आणि टिकविण्याचा विक्रेत्यांचा खर्चही देयकांतूनच निघतो. २०१७ मध्ये जॉन थ्वेट्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने व्हिक्टोरियाच्या बाजाराचा आढावा घेतला तेव्हा तिच्या टीकेचा रोख याच खर्चावर होता. स्पर्धेने दर उतरण्याऐवजी स्पर्धेचाच खर्च दरात शिरला होता.

थ्वेट्स समितीने वाजवी मूलभूत दराची शिफारस केली. तिच्या पाठोपाठ १ जुलै २०१९ पासून व्हिक्टोरियात नियामकाने ठरविलेला 'डिफॉल्ट ऑफर' हा दर आला आणि त्याच दिवशी संघराज्यानेही आपल्या अखत्यारीतील भागांसाठी तसाच दर लागू केला. दर-नियंत्रण उठविल्यानंतर दहा वर्षांनी ते मागील दाराने परत आले. निवड न करणाऱ्या ग्राहकाला त्याच्या निष्क्रियतेची पूर्ण किंमत मोजावी लागू नये हे त्यामागील तत्त्व आहे. ते मान्य केले तर संकेतस्थळाच्या भूमिकेबद्दलही पुनर्विचार करावा लागतो. तुलना न करणारे बहुसंख्य राहणार हे शासनाने गृहीत धरले आहे, आणि तरीही तुलनेसाठी पैसे मोजणे चालू ठेवले आहे.

त्याच दिवसापासून व्हिक्टोरियात आणखी एक बदल झाला, ज्याची चर्चा त्या मानाने कमी होते. पुरवठादाराने स्वतःची सर्वांत स्वस्त योजना ग्राहकाच्या देयकावरच ठरावीक काळाने छापली पाहिजे, असा नियम आला. संघराज्याच्या नियामकानेही सप्टेंबर २०२३ अखेरपासून अशीच तरतूद केली. या नियमात त्रुटी आहेत. पुरवठादार फक्त आपलीच योजना सांगतो, प्रतिस्पर्ध्याची नव्हे. पण खर्चाची दिशा पाहता हा बदल मूलगामी आहे. येथे ग्राहकाला माहितीकडे जावे लागत नाही, माहिती त्याच्या हातातल्या कागदावर येते; आणि ती तेथे आणण्याचा खर्च सार्वजनिक खात्यावर न पडता किचकटपणा निर्माण करणाऱ्यावरच पडतो. तो पुढे देयकात मिसळेल हे खरे, परंतु निदान त्याच पुरवठादाराच्या देयकात मिसळेल. संकेतस्थळाचा खर्च मात्र तो करदाताही देतो ज्याने आयुष्यात कधी पुरवठादार बदलला नाही.

संघराज्याच्या २०२४-२५ च्या अंदाजपत्रकातील दोन तरतुदी शेजारी ठेवल्या असता हा सर्व प्रकार लक्षात येतो. ग्राहकांना चांगल्या योजनेकडे वळण्यातील अडथळे दूर करण्यासाठी १८ लाख डॉलर देण्यात आले. त्यात संकेतस्थळापलीकडील कामेही अभिप्रेत होती. प्रत्येक कुटुंबाला ३०० डॉलर आणि पात्र लघुउद्योगांना ३२५ डॉलर थेट देयकात वळते करण्यासाठी ३५० कोटी डॉलर देण्यात आले. दुसऱ्या मदतीसाठी कोणालाही तुलना करावी लागली नाही, अर्जही बहुतेकांना करावा लागला नाही. व्हिक्टोरियाने ऑगस्ट २०२५ मध्ये बोनसची नवी फेरी काढली ती १०० डॉलरची आणि केवळ सवलत-पत्रधारकांपुरती. २०२२ चा सरसकट खुलेपणा तीत उरला नव्हता.

मुंबईचा संदर्भ

हा प्रश्न मराठी वाचकाला अगदीच दूरचा नाही. देशात घरगुती ग्राहकाला पुरवठादार निवडण्याचा अनुभव मोठ्या प्रमाणावर आला तो मुंबईच्या उपनगरांत. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २००८ च्या निकालानंतर आणि महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या ऑक्टोबर २००९ च्या आदेशानंतर तत्कालीन रिलायन्सच्या ग्राहकाला, तारा रिलायन्सच्याच ठेवून, टाटा पॉवरची वीज घेता येऊ लागली. उपनगरातील ग्राहकाने तेव्हा तुलना कशी करावी? एका कंपनीचा वीज आकार, दुसरीचा वहन आकार, दोहोंचे स्थिर आकार, वापराच्या टप्प्यांनुसार बदलणारे दर, इंधन समायोजन आकार, आणि पुढील काळात पुरवठादार बदलणाऱ्यावर लावलेला क्रॉस-सबसिडी अधिभार. हे सर्व आयोगाच्या शेकडो पानी इंग्रजी आदेशांत होते. ग्राहकाच्या हाती होते ते शेजाऱ्याचे देयक आणि वृत्तपत्रातील तक्ता. टप्प्यांच्या दरांमुळे ३०० युनिटांच्या आतील घराला जे फायद्याचे, ते ३०० च्या पुढे जाणाऱ्याला तोट्याचे असू शकत होते. टेक्ससमधील उंबरठ्याचे हे देशी रूपच म्हणावे लागेल, फरक इतकाच की येथे ते विक्रेत्याच्या युक्तीतून नव्हे तर दररचनेतून आले होते.

एकाच क्षेत्रात, एकाच जाळ्यावरून अनेक वितरण परवानाधारकांनी वीज पुरवावी ही कल्पना ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडलेल्या विद्युत सुधारणा विधेयकात होती आणि केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मसुद्यातही ती आहे. या मसुद्यांवरील सार्वजनिक चर्चा प्रामुख्याने महावितरणसारख्या शासकीय कंपन्यांचे काय होणार, मोठे औद्योगिक ग्राहक निघून गेल्यास शेतीच्या सवलतीचा भार कोणी उचलावा, या प्रश्नांभोवती फिरली आहे. ते प्रश्न मोठेच आहेत. परंतु दररचना प्रत्येक परवानाधारकाच्या मर्जीवर सोडायची की सर्वांना एकाच साच्यात बांधायची, हा निर्णयही त्याच वेळी घ्यावा लागेल. साचा एक असेल तर तुलनेसाठी देयकाच्या मागील बाजूस छापलेला मराठी तक्ता पुरेल. तो नसेल तर संकेतस्थळ, त्याची दर दोन वर्षांची सुधारणा, त्यापर्यंत न पोहोचणाऱ्यांसाठी मदतकेंद्रे आणि त्यांपैकीही मागे राहिलेल्यांसाठी नियंत्रित दर, असे सर्व खर्च ओळीने येतील. व्हिक्टोरियात ते ज्या क्रमाने आले तो क्रम वर दिलाच आहे.